आकडा, टंग क्लीनर आणि गुडघ्याचा एक्स-रे

हिंदी चित्रपटांनी आपल्याला जे विज्ञान शिकवलं, त्यातले दोन सिद्धान्त अढळ आहेत. डोक्यावर दुसऱ्यांदा फटका बसला की गेलेली स्मृती परत येते, हा पहिला. कुठलंही कुलूप केसांतल्या पिनेनं उघडतं, हा दुसरा. पहिल्याचा प्रयोग करून घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही. दुसऱ्याचा मात्र महाराष्ट्रातल्या बहुतेक इमारतींत कधी ना कधी झालेला असतो, आणि त्याचे ओरखडे लॅचभोवतीच्या पॉलिशवर कायम राहिलेले असतात.

चित्रपटातला प्रसंग ठरलेला आहे. खलनायकाचं गोदाम, त्यात कोंडलेली नायिका. ती अंबाड्यातली पिन उपसते, केस मोकळे होतात, खिडकी नसलेल्या गोदामात वारा सुटतो. ती पिन कुलपात दोनदा हलवते आणि खट् असा आवाज येतो. कुलूप दाराला बाहेरून आहे आणि नायिका आत आहे, ही अडचण दिग्दर्शकाला जाणवत नाही. प्रेक्षकालाही नाही. प्रेक्षक घरी येतो तो एवढंच डोक्यात घेऊन, की वेळ आली तर आपल्याही घरात पिना आहेत.

आता खरं सांगायचं तर एका पिनेनं काहीच होत नाही. दाराच्या लॅचमध्ये जे दातेरी किल्लीचं कुलूप असतं, त्यात पाच-सहा बारीक पिना रांगेत उभ्या असतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, आणि वरून तिला दाबणारी स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की प्रत्येक पिनेचा सांधा एकाच रेषेत येतो आणि मधला गोल दांडा फिरतो. लाकडी पिनांची या तत्त्वावरची कुलपं प्राचीन इजिप्तमध्ये होती. लायनस येल या अमेरिकन कारागिरानं १८६१ मध्ये पेटंट घेऊन त्यांना आजचं सुटसुटीत रूप दिलं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सगळ्या सभासदांचं एकाच क्षणी एकमत झालं तरच ठराव मंजूर व्हावा, असा हा कारभार आहे. किल्ली ते एकमत एका झटक्यात घडवून आणते. बिनकिल्लीच्या माणसाला एकेका सभासदाला वेगळं गाठून पटवावं लागतं. शिवाय दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिल्यानं शब्द फिरवू नये, म्हणून त्याच्यावर सतत हलका दाब ठेवावा लागतो. पटवणारं अवजार वेगळं आणि दाब ठेवणारं वेगळं. एका हातात टोकाला किंचित वाकवलेली बारीक सळई, दुसऱ्या हातात काटकोनात वळवलेली पट्टी. नायिकेकडे ही दुसरी पट्टी कधीच नसते. तिचं कुलूप तिच्या निव्वळ पुण्याईनं उघडतं.

आणि हे सगळं जमतं तरी का? कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी पिनांची भोकं केसभर मागेपुढे पडतातच, म्हणून. पट्टीनं दाब दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकेक अडकते. या कलेचा सगळा संसार त्या केसभर फरकावर चालतो. फरक जितका कमी, तितकं कुलूप महाग आणि तितका प्रयोग करणारा चिडचिडा.

हे झालं लॅचचं. आपल्याकडच्या कडी-कोयंड्यात लटकणाऱ्या कुलपाची जात बहुधा निराळी असते. त्यात पिना नसतात, लिव्हर असतात. म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या पट्ट्या. दुकानदार 'सहा लिव्हर, सात लिव्हर, आठ लिव्हर' असं चढत्या आवाजात सांगतो आणि गिऱ्हाईक गंभीरपणे मान हलवतं. लिव्हर म्हणजे काय ते त्याला ठाऊक नसतं, पण सातपेक्षा आठ जास्त हे ठाऊक असतं. मग गिऱ्हाईक कुलूप तळहातावर झेलून वजन बघतं आणि सहा लिव्हरचं जड कुलूप घेऊन जातं. या पट्ट्यांमागच्या स्प्रिंगा चांगल्या जोरकस असतात. केसांचा आकडा आत घातला तर लिव्हर उचलला जात नाही, आकडाच सरळ होतो. सरळ झालेला आकडा अंबाड्यातही राहत नाही. म्हणजे कुलूप गेलं ते गेलंच, केशरचनाही गेली.

भारतात कुलूप बनवण्याचा मोठा धंदा उभा केला तो अर्देशीर गोदरेज यांनी. वकिली सोडून आलेल्या या गृहस्थांनी आधी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवून पाहिली. ते काही जमलं नाही. मग १८९७ मध्ये मुंबईत लालबागला त्यांनी कुलपांचं काम सुरू केलं. शस्त्रक्रियेची हत्यारं सोडून त्यांनी कुलपं केली, आणि आपण त्याच कुलपांवर शस्त्रक्रिया करायला निघतो, तीही टंग क्लीनरनं.

टंग क्लीनरचा उल्लेख मी विनोदासाठी केलेला नाही. घरातल्या घरात अशी अवजारं बनवायची तर धातू कुठला, हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं शास्त्रीय उत्तर 'स्प्रिंगचं पोलाद' असं आहे. वाकलं तरी परत सरळ होणारं आणि बारीक घासलं तरी न मोडणारं. परदेशातल्या हौशी मंडळींना हे पोलाद रस्त्यावर पडलेलं सापडतं, कारण तिकडे रस्ते झाडणाऱ्या यंत्रांच्या ब्रशांना पोलादी पात्यांचे दात असतात आणि ते तुटून कडेला पडतात. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी खराटा आहे. खराट्याचे फक्त हीर गळतात. हिरानं दात कोरता येतात, कुलूप कोरता येत नाही.

म्हणून आपला गृहस्थ घराकडे वळतो. एखाद्या रविवारी, जेवण आणि झोप यांच्यामधल्या धोकादायक अवकाशात, त्याला ही हुक्की येते. कुठेतरी त्यानं व्हिडिओ पाहिलेला असतो. व्हिडिओतला माणूस कागदाला लावायच्या पिनेनं कुलूप उघडतो आणि वर हसतो. गृहस्थ उठतो आणि घरातली प्रत्येक वस्तू नव्या नजरेनं बघू लागतो. घरच्यांना ही नजर ओळखीची असते. मागे मिक्सर दुरुस्त केला तेव्हाही ती अशीच होती.

पहिला बळी सेफ्टी पिन. ती मंगळसूत्रालाच अडकवलेली असल्यामुळे मोहिमेला सुरुवातीलाच वाटाघाटी कराव्या लागतात. मिळते ती टोकदार आणि मऊ. कुलपात गेली की टोक आतच वळतं आणि बाहेर यायला नकार देतं. मग कागदाची यू-पिन. ती सरळ करताना हाताला लागते, आणि सरळ झाल्यावर तिच्यात काही दम उरत नाही. मग आकडा. तो शोधायला गेलं तर घरात आकडेच नाहीत, असं लक्षात येतं. अंबाडे गेले, त्यांच्यामागून आकडे गेले. आता सगळीकडे प्लॅस्टिकचे क्लचर. चित्रपटातल्या नायिकेला आज कोंडलं तर ती क्लचरनं फार तर उंदराला घाबरवू शकेल.

चौथा नंबर छत्रीचा. प्रत्येक मराठी घरात माळ्यावर दोन-तीन मोडक्या छत्र्या असतात. त्या दुरुस्त होणार नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं आणि टाकायच्या नाहीत हेही सगळ्यांना मान्य असतं. छत्रीची काडी चांगल्या पोलादाची असते, त्यामुळे गृहस्थाची निवड अचूक आहे. पण काडी उपटल्याचा कट्ट असा आवाज होताच शेजारच्या खोलीतून प्रश्न येतो, "अहो, अण्णांची छत्री तर नाही ना मोडलीत?" वीस वर्षं माळ्यावर धूळ खाणारी छत्री त्या क्षणी अण्णांची होते. अण्णा तिच्याच आधारानं रत्नागिरीहून आले होते, हा इतिहासही त्याच क्षणी उजेडात येतो. मोडायच्या आधी ती नुसती छत्री असते.

दाब देणारी पट्टी हवी म्हणून नजर टंग क्लीनरवर जाते. निवड पुन्हा बरोबर. स्टीलचा पातळ, लांब, एकसारख्या रुंदीचा तुकडा. पकडीत धरून टोक काटकोनात वळवलं की काम झालं. प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. घरातल्या चार टंग क्लीनरांपैकी आपला कोणता, हे प्रत्येकाला खुणेनं माहीत असतं आणि ज्याचा गेला तो दिवसभर त्याच जिभेनं बोलतो.

उरलं हॅकसॉचं पातं. जाणकारांच्या लेखी हाच सर्वांत बरा घरगुती माल, आणि हार्डवेअरच्या दुकानात तो थोडक्यात मिळतोही. पण ते पातं कुलपाच्या भोकात जाईल एवढं बारीक करायचं तर तासन्‌तास घासावं लागतं. कानस नसते. असली तरी ती शेवटची कुणी नेली यावर मतभेद असतात. मग ओट्याच्या कडप्प्यावर घासकाम सुरू होतं. त्या आवाजानं दात आंबतात, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, डाळ करपते. कंटाळून पातं ग्राइंडरवर धरलं, तर पोलाद तापतं, निळं पडतं आणि त्यातला ताठा निघून जातो. म्हणून मधेमधे पाण्यात बुडवावं लागतं. हे कळेपर्यंत पातं मऊ झालेलं असतं आणि घरचं वातावरण कडक.

संध्याकाळी हिशेब असा लागतो. छत्री गेली, टंग क्लीनर गेला, डाळ गेली, ओट्याला चरे पडले. कुलूप शाबूत. नवं कुलूप याहून स्वस्तात आलं असतं, आणि त्याच्याबरोबर किल्ल्याही मिळाल्या असत्या.

घरच्या वस्तूंचं अवजार करायची ही खोड काही व्हिडिओंनी लावलेली नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त, म्हणजे आपल्या देवलांनी संगीत नाटक करून मराठी रंगभूमीवर नांदतं ठेवलेल्या त्याच कथेत, शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर आहे. चारुदत्ताच्या घराला भोक पाडायला तो येतो आणि माप घ्यायची दोरी घरीच विसरल्याचं त्याच्या लक्षात येतं. तो गळ्यातलं जानवं काढून भिंत मोजतो. वर त्या जानव्याचे उपयोगही सांगतो: भिंतीचं माप घेता येतं, अंगावरचे दागिने सैल करता येतात, पक्कं बंद केलेलं दार उघडता येतं, आणि साप चावलाच तर वर आवळून बांधता येतं. मग खरंच त्याच्या बोटाला साप चावतो आणि जानवं कामाला येतं. एका धाग्यात एवढी सोय पुढे कुठल्याही कंपनीला जमलेली नाही.

शर्विलकाची तयारी बघून मान खाली जाते. भोक कुठल्या आकाराचं पाडावं याचे शास्त्रोक्त प्रकार त्याला पाठ आहेत: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक. भिंत विटांची, तेव्हा इथे पूर्णकुंभच शोभेल, असं तो ठरवतो. जुनं दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. आत जाण्याआधी खोटा माणूस पुढे सरकवून बघतो. दिवा विझवायला किडा सोडतो. आणि एवढं सगळं झाल्यावर दागिन्यांचा करंडक त्याच्या हातात कोण ठेवतो? चारुदत्ताचा मित्र मैत्रेय, झोपेत बरळता बरळता, हा घे म्हणून, वर शपथ घालून! जानवं, कमळ, पूर्णकुंभ हा सगळा खटाटोप एका बाजूला आणि घरातल्याच माणसाचा हात दुसऱ्या बाजूला. सकाळी चारुदत्त ते भोक बघतो आणि आधी कारागिरीचं कौतुक करतो, चोरीची चिंता नंतर. आजच्या गृहनिर्माण संस्थेत असा रसिक सभासद सापडणं कठीण.

कुलूप अवजारानं कमी आणि माणसानं जास्त उघडतं, हे बघायचं असेल तर कुठल्याही इमारतीत लॅच लागलेल्या माणसाचा जिना गाठावा. तो कचऱ्याची बादली ठेवायला क्षणभर बाहेर आलेला असतो. अंगात बनियन, खाली अर्धी पँट, पायांत घरातल्या चपला. मागून वारा येतो, दार धाडकन लागतं. किल्ली आत, मोबाइल आत, गॅसवर दूध. पाच मिनिटांत जिन्यावर सल्लागार मंडळ जमतं. लग्नाच्या बोलणीला न आलेली माणसंही अशा वेळी येतात.

पहिली सूचना आकड्याचीच असते. "वहिनी, आकडा आहे का हो तुमच्याकडे?" "आता कोण आकडे लावतं भाऊजी, क्लचर देऊ?" मग कुणीतरी एटीएम कार्ड सुचवतं. कार्डाची युक्ती अगदीच खोटी नाही. लॅचची जीभ एका बाजूनं उतरती असते, म्हणूनच दार नुसतं ढकललं तरी लागतं; फटीतून लवचिक काही सरकवून ती जीभ मागे रेटली तर दार उघडू शकतं. पण फट हवी, जिभेचा उतार आपल्या बाजूला हवा आणि लॅच जुन्या पठडीचं हवं. नव्या लॅचमध्ये ती जीभ मागे सरकूच नये अशी सोय असते. शिवाय कार्ड कुणाचं वापरायचं हा प्रश्न आहेच. ज्यानं कल्पना काढली तो लगेच मागे सरकतो.

इथे तळमजल्यावरच्या काकांचा प्रवेश होतो. काकांना एक्स-रेची फिल्म माहीत असते. कार्डापेक्षा मोठी, वाकणारी, न मोडणारी, आणि भारतीय कुटुंबात कधीही न टाकली जाणारी. "डॉक्टर जुना मागतात" म्हणून ती गादीखाली वर्षानुवर्षं जपलेली असते. काका वरून खाली ओरडून विचारतात, "अगं, डाव्या गुडघ्याचा देऊ की मणक्याचा? मणक्याचा मोठा आहे!" यावर जिन्यात गंभीर चर्चा होते. मणक्याचा फटीत मावत नाही, गुडघ्याचा जातो. एकजण फिल्म वरून खाली ओढतो, दुसरा दार हलवतो, तिसरा उजेडात धरून "काका, गॅप कमी झालाय तुमचा" असं निदान करतो. दार तसंच.

मग रोजच्या वेळेला मावशी कामाला येतात, गर्दी बघतात, कनवटीची किल्ली काढतात आणि दार उघडतात. गेली सहा वर्षं किल्ली त्यांच्याकडेच होती. दूध उतू गेलेलं असतं, ते पुसायलाही त्याच.

बाकीच्यांची किल्ली असते पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीखाली, मीटरच्या पेटीवर किंवा चपलांच्या कपाटातल्या त्या एका जुन्या बुटात. ही जागा अत्यंत गुप्त असते आणि इमारतीतल्या प्रत्येक लहान मुलाला माहीत असते. लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्याची किल्ली त्याच कपाटात साड्यांच्या चौथ्या घडीखाली, आणि कपाटाची किल्ली कपाटाच्याच दाराला. प्रवासाच्या बॅगेचं आकड्यांचं कुलूप तीन शून्यांवर, कारण कारखान्यातून ते तसंच आलं आणि 'उगाच बदललं आणि विसरलो तर?' अशी भीती वाटली. आता असल्या घराला हॅकसॉचं पातं घासून आत शिरायचं म्हणजे चोराचाच अपमान आहे.

आपल्याला कुणी हसू नये, कारण अणुबॉम्ब बनवणारी मंडळीही याच पंगतीला बसली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या लॉस अलामोसला जगातली सर्वांत गुप्त कागदपत्रं ज्या कपाटांत होती, ती उघडायचा छंद रिचर्ड फाइनमन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला जडला. पुढे नोबेल मिळालेला हाच तो गृहस्थ. कपाट उघडं असताना गप्पा मारत मारत तो कुलपाच्या तबकडीशी चाळा करायचा आणि तीनपैकी शेवटचे दोन आकडे ओळखून ठेवायचा. तबकडी दोन घरं इकडेतिकडे झाली तरी चालायची, त्यामुळे शंभराऐवजी वीस आकडे बघितले की पहिलाही सापडायचा. काही कपाटं कारखान्यातून आलेल्या आकड्यावरच होती. आपल्या तीन शून्यांना तिथे सख्खे भाऊ भेटतात. एका सहकाऱ्यानं २७-१८-२८ असा आकडा लावला होता, कारण गणितातल्या ई या स्थिरांकाची सुरुवात तशीच होते. भौतिकशास्त्रज्ञाचं कपाट भौतिकशास्त्रज्ञानं उघडायला यापेक्षा किल्लीच देऊन ठेवायची. फाइनमन बरोबर अवजारं बाळगायचा, ती बहुतांशी देखाव्यापुरती. दार बंद करून आत आरामात मासिक वाचत बसायचा आणि घाम पुसत बाहेर यायचा.

या कथेतला मला सर्वांत आवडलेला माणूस फाइनमन नाही, अणुबॉम्बच्या त्याच प्रकल्पातल्या ओक रिज केंद्राचा एक कर्नल आहे. फाइनमननं त्याचं कपाट त्याच्यासमोर उघडून दाखवलं आणि सांगितलं, काम करताना कपाटं उघडी टाकू नका, धोका त्यात आहे. कर्नलनं तातडीनं परिपत्रक काढलं. फाइनमन तुमच्या खोलीत किंवा आसपास येऊन गेला होता काय? होय असेल तर कुलपाचा आकडा बदला. उघड्या कपाटांबद्दल परिपत्रकात काहीही नव्हतं. या कर्नलला आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत परकं वाटलं नसतं.

अवजारानं, निव्वळ हातानं आणि सचोटीनं कुलपं उघडणारा माणूसही होऊन गेला, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कुलूपकारानं आपल्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप ठेवलं होतं: किल्लीशिवाय उघडेल त्याला दोनशे गिनी. चब नावाच्या दुसऱ्या घराण्याचं कुलूप तर कुणी छेडछाड केली की आतून अडकायचं आणि मालकाला चुगली करायचं. पोर्ट्समथच्या तुरुंगजहाजावरच्या एका कुलूपबहाद्दर कैद्याला ते देऊन सांगितलं होतं, उघड, म्हणजे सुटका आणि वर शंभर पौंड. दोन-अडीच महिने झटून त्यानं हात टेकले. सुटकेपेक्षा तुरुंग परवडला. मग १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी अल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन लंडनला आला. चबचं कुलूप त्यानं पंचवीस मिनिटांत उघडलं आणि पुन्हा लावूनही दाखवलं. ब्रामाच्या कुलपाला सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले, पण उघडलं. त्याची अवजारं त्या कुलपासाठी मुद्दाम घडवलेली होती. सेफ्टी पिन नव्हती. लंडनच्या सभ्य लोकांनी आरडाओरडा केला, की अशानं चोरांना विद्या मिळेल. त्यावर हॉब्सच्या पक्षाचं उत्तर असं, की चोरांना हे आधीपासून माहीत आहे, माहीत नाही ते तुम्हाला. मग त्यानं तिथेच कुलपांचा धंदा काढला. सगळ्यांची कुलपं उघडून दाखवल्यावर आपलं कुलूप विकायला काढणं, याला मी धंद्यातला सर्वोत्तम मुहूर्त मानतो.

आपल्याकडचा हॉब्स रस्त्याच्या कडेला बसतो. झाडाला किंवा विजेच्या खांबाला पत्र्याची मोठी किल्ली टांगलेली, समोर किल्ल्यांचे झुबके, एक छोटी शेगडी आणि कानशी. घरगुती अवजारांचा खरा कारखाना त्याच्या पत्र्याच्या डब्यात असतो. हॅकसॉची पाती, सायकलचे स्पोक, छत्रीच्या काड्या, सगळं त्यानं स्वतः घासलेलं. अण्णांच्या छत्रीचा जो उद्धार आपल्या गृहस्थाला जमला नाही, तो इथे झालेला दिसतो. कोरी किल्ली कुलपात घालून तो दाबतो, फिरवतो, बाहेर काढतो, उन्हात तिरपी धरून त्यावरचे बारीक वळ बघतो आणि तेवढंच घासतो. पुन्हा घालतो. थोड्या वेळात कुलूप स्वतःच आपल्या किल्लीचा आकार त्याला सांगून टाकतं.

कामाला हात लावण्याआधी चांगला चावीवाला एक प्रश्न विचारतो. शेजाऱ्याकडे वळून तो म्हणतो, "घर यांचंच ना?" हा क्षण फार नाजूक असतो. मेन्टेनन्स थकलेला असेल, पार्किंगवरून वाजलेलं असेल, तर शेजारी उत्तर द्यायला जरा वेळ घेतो. बनियनवरचा मालक केविलवाणं हसतो. मग काम होतं, आणि चुटकीसरशी झालं तर मालकाला पैसे जास्त वाटतात. अर्धा तास घाम गाळून, दोनदा डोकं खाजवून उघडलं तर तेवढेच पैसे तो आनंदानं देतो, वर चहाही सांगतो. मुरलेला चावीवाला म्हणून घाई करत नाही.

रात्री मात्र कुलपं उघडायचा छंद करू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ असं सांगतं, की सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कुणाजवळ घरफोडीचं साधन सापडलं आणि ते का बाळगलं याचं योग्य कारण त्याला देता आलं नाही, तर तो गुन्हा. कारण सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. रात्री अकरा वाजता वळवलेला टंग क्लीनर आणि गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दुसऱ्याच्या जिन्यात उभं राहून योग्य कारण द्यायचं, हे वकिलालाही कठीण जाईल. शनिशिंगणापूरला जाऊनही उपयोग नाही. ज्या गावात घरांना दारं आणि कुलपं न लावण्याचीच प्रथा, तिथे या छंदाच्या माणसाला नुसतं उन्हात फिरावं लागेल.

तरीही कुणाला करून बघायचंच असेल, तर परदेशातल्या हौशी मंडळांचे दोन नियम आपणही पाळावेत: जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावू नये, आणि जे आपलं आहे पण वापरात आहे त्यालाही लावू नये. भंगारवाल्याकडून एक जुनं कुलूप आणावं, गॅलरीत बसावं, टंग क्लीनर स्वतःचाच घ्यावा. दाराच्या लॅचवर प्रयोग करू नये. आत मोडलेली पिन बाहेर येत नाही, नंतर खरी किल्लीही आत जात नाही, आणि ती पिन काढायचे पैसे चावीवाला वेगळे लावतो.